गिम्पमध्ये प्लग-इन दिसत नाही, स्क्रिप्ट चालत नाही, आकार बदलला की फोटो बिघडतो : तपासायचं कुठून?

गिम्प या फोटो सुधारायच्या मोफत प्रोग्रॅमसाठी प्लग-इन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) उतरवलं, सांगितलेल्या फोल्डरमध्ये टाकलं, गिम्प उघडलं आणि मेनूत काहीच नाही. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की पुढचे चार प्रश्न मी झोपेतसुद्धा विचारीन. आणि दर वेळी समोरच्याचं ठाम मत असतं की प्लग-इनच खराब आहे. क्वचित असतंही. पण बहुतेक वेळा प्लग-इन ठणठणीत असतं. ते चुकीच्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं, नाहीतर गिम्पच्या जुन्या पिढीसाठी लिहिलेलं असतं, नाहीतर उघडलेलं चित्रच अशा अवस्थेत असतं की त्यावर काही चालू नये.

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते ठरवा.

- प्लग-इन जागेवर ठेवलं, पण कुठल्याही मेनूत नाव नाही.
- नाव आहे, पण करडं. क्लिक होत नाही.
- क्लिक होतं, खालची पट्टी पुढे सरकते, चित्र ढिम्म.
- 'प्लग-इन क्रॅश्ड' अशी चौकट येते; स्क्रिप्ट असेल तर 'अनबाउंड व्हेरिएबल'.
- गिम्प सुरू होतानाच 'क्वेरीइंग न्यू प्लग-इन्स' या ओळीवर थांबून राहतं.
- आकार बदलल्यावर कडा करवतीसारख्या, माणसं चपटी, किंवा चित्राभोवती चौकटी-चौकटींची रिकामी जागा.
- आकार कमी केला तरी फाइल तेवढीच जड, किंवा छापताना तेवढीच धूसर.

शेवटच्या दोन लक्षणांचा प्लग-इनशी बहुधा संबंध नसतो. तुमचं दुखणं तेच असेल तर मधलं सगळं सोडून थेट 'आकार बदलताना' या भागावर जा.

हात लावण्याआधी

मूळ फोटोंची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. मी हे उगाच सांगत नाही. एकदा मी एका अख्ख्या फोल्डरवर आकार लहान करणारी स्क्रिप्ट चालवली आणि निकाल साठवायचा फोल्डर म्हणून मूळ फोल्डरच दिला. स्क्रिप्ट अगदी नीट चालली. आठ मिनिटांत सगळे मूळ फोटो ८०० पिक्सेलचे झाले. ज्या स्क्रिप्टमध्ये काही चूक नव्हती तिनेच घात केला, म्हणून तेव्हापासून प्रत आधी, बाकी सगळं नंतर.

१. ते खरंच नाही, की दुसरीकडे आहे?

फुकटातली तपासणी. गिम्पमध्ये साधं आरजीबी (लाल, हिरवा, निळा मिळून रंग बनणारं) चित्र उघडा आणि कीबोर्डवरची स्लॅशची, म्हणजे तिरप्या रेघेची कळ दाबा. शोधाची छोटी चौकट येते. तिथे प्लग-इनच्या नावातला एखादा शब्द लिहा.

मेनूत कुठे बसायचं हे प्लग-इन लिहिणारा ठरवतो, तुम्ही नाही. कुणी 'फिल्टर्स'मध्ये बसवतो, कुणी 'कलर्स'मध्ये, कुणी 'फाइल'मध्ये, तर कुणी आपल्या नावाचा वेगळाच मेनू उभा करतो. चित्र आधी उघडायचं कारण असं, की त्या क्षणी वापरता न येणाऱ्या कमांड हा शोध लपवूही शकतो. रिकाम्या गिम्पमध्ये शोधून 'नाही' असा निष्कर्ष काढणारे मी बरेच पाहिलेत.

आणि हो, प्लग-इन टाकल्यावर गिम्प पूर्ण बंद करून पुन्हा उघडलंत ना? प्लग-इनची नोंद सुरू होतानाच होते. स्क्रिप्ट-फूच्या, म्हणजे गिम्पच्या अंगच्या स्क्रिप्ट-भाषेतल्या फाइलींना तेवढं लागत नाही. त्यांच्यासाठी 'रिफ्रेश स्क्रिप्ट्स' पुरतं. गिम्पच्या २.१० आवृत्तीत ते 'फिल्टर्स'मधल्या 'स्क्रिप्ट-फू'खाली असतं, ३.० मध्ये 'फिल्टर्स', 'डेव्हलपमेंट', 'स्क्रिप्ट-फू' असं एक पायरी आणखी आत.

२. चित्राची अवस्था

नाव करडं असेल किंवा फिल्टर चालून फरक पडत नसेल तर प्लग-इनला दोष देण्याआधी चित्राकडे बघा. यात खर्च शून्य, वेळ एक मिनिट.

पहिला संशयित इंडेक्स्ड मोड. जिफ फाइल आणि काही पीएनजी फाइली उघडल्या की त्या रंगांच्या ठरावीक तक्त्यावर चालतात, जास्तीत जास्त २५६ रंग. अशा चित्रावर बरीच फिल्टरं करडी पडतात, कारण त्यांना मधल्या छटा तयार करायच्या असतात आणि तक्त्यात त्या नसतातच. 'इमेज', 'मोड', 'आरजीबी' करा, बहुतेक नावं लगेच जागी होतात. मोड कुठला आहे हे खिडकीच्या शीर्षकपट्टीवरही लिहिलेलं असतं, पण तिकडे कुणी बघत नाही.

दुसरा, विसरलेलं सिलेक्शन. कोपऱ्यात चार पिक्सेलचा चौकोन चुकून निवडला गेलेला असतो आणि फिल्टर इमानदारीने तेवढ्याच चार पिक्सेलांवर चालतं. कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबा म्हणजे सिलेक्शन सुटेल, मग पुन्हा चालवा. 'चालतंय पण फरक नाही' या लक्षणाला मी सगळ्यात आधी हाच उपाय करते.

तिसरा, भलताच लेअर, म्हणजे चित्राचा थर. लेअरच्या यादीत कुठली ओळ निवडलेली आहे ते पाहा. लेअरला मास्क (कुठला भाग दिसायचा ते ठरवणारा पडदा) असेल तर चित्राचं लघुरूप निवडलेलं आहे की मास्कचं, तेही पाहा. ज्याच्याभोवती पांढरी कड, ते चालू. मास्कवर फिल्टर चालवून 'रंग बदलत नाहीत' म्हणणं म्हणजे भिंत सोडून खिडकीच्या काचेला रंग देणं. लेअरचा गट निवडलेला असेल, लेअरवर कुलपाची खूण असेल, किंवा नुकतं चिकटवलेलं 'फ्लोटिंग सिलेक्शन' अधांतरी लोंबत असेल, तरीही नावं करडी पडतात. ३.० मध्ये एकाच वेळी अनेक लेअर निवडता येतात. सोय छान आहे, पण अनेक प्लग-इन एकाच लेअरसाठी लिहिलेली असल्यामुळे दोन निवडले की ती गप्प बसतात.

३. उतरवलेली फाइल नक्की काय आहे?

इथे नवीन माणसाचा हमखास पाय घसरतो. स्क्रिप्टच्या पानावर उजवं क्लिक करून 'सेव्ह अ‍ॅज' केलं, तर बरेचदा स्क्रिप्ट उतरत नाही, स्क्रिप्ट दाखवणारं वेब पान उतरतं. नाव मात्र स्क्रिप्टचंच. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळींत टोकदार कंसांची गर्दी आणि 'एचटीएमएल' हा शब्द दिसला तर तुमच्याकडे पान आहे. परत जा, 'रॉ' किंवा 'डाउनलोड' असं बटण शोधा.

दुसरं, विंडोज फाइलनावाचं शेपूट लपवून ठेवतं. तुम्हाला दिसतं 'फ्रेम डॉट एससीएम' आणि खरं नाव असतं 'फ्रेम डॉट एससीएम डॉट टीएक्सटी'. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा आणि जास्तीचं शेपूट छाटा. गिम्प नावाच्या शेपटावरूनच ओळखतं, त्यामुळे टीएक्सटी असलेली फाइल त्याच्या लेखी नसतेच.

झिप उतरवली असेल तर ती सोडवलीत का? झिप तशीच फोल्डरमध्ये ठेवणारे आहेत, हसू नका, मीही केलंय.

४. फोल्डर

शेपटावरून घर ठरतं. एससीएम (स्क्रिप्ट-फू) असेल तर 'स्क्रिप्ट्स' फोल्डर. पीवाय (पायथन भाषेतलं) किंवा विंडोजवर ईएक्सई (तयार प्रोग्रॅम) असेल तर 'प्लग-इन्स' फोल्डर. ही अदलाबदल झाली तर चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही, फक्त शांतता.

ते फोल्डर कुठे आहेत हे इंटरनेटवर वाचू नका, गिम्पलाच विचारा: 'एडिट', 'प्रेफरन्सेस', आणि डाव्या यादीत 'फोल्डर्स' उलगडून 'प्लग-इन्स' किंवा 'स्क्रिप्ट्स'. तिथे बहुधा दोन वाटा दिसतात. एक गिम्पच्या स्वतःच्या स्थापनेतली, तिला हात लावायचा नाही, कारण पुढच्या अपडेटमध्ये तिथलं सामान पुसलं जाऊ शकतं. दुसरी तुमच्या खात्यातली. विंडोजवर ती 'यूजर्स', तुमचं नाव, 'अ‍ॅपडेटा', 'रोमिंग', 'गिम्प' आणि मग २.१० किंवा ३.० अशी जाते. 'अ‍ॅपडेटा' लपवलेलं असतं, म्हणून हाताने शोधत बसलात तर सापडत नाही. लिनक्सवर फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधून (प्रोग्रॅम बसवायच्या दोन पद्धती) घेतलेल्या गिम्पची वाट वेगळी असू शकते. त्यामुळे कुणीतरी लिहिलेली वाट जशीच्या तशी वापरण्यात अर्थ नाही.

आता ३.० वाल्यांसाठी. या आवृत्तीत प्रत्येक प्लग-इनला स्वतःचं उपफोल्डर हवं, आणि उपफोल्डरचं नाव आतल्या मुख्य फाइलच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. फाइल 'बॉर्डर डॉट पीवाय' असेल तर ती 'बॉर्डर' नावाच्या फोल्डरमध्ये. २.१० मध्ये फाइल मोकळी टाकली तरी चालायची, म्हणून जुन्या सवयीचे लोक इथे अडकतात.

आता या प्रकाराचा सगळ्यात छळणारा नमुना बघा. कोड ठेवणाऱ्या साइटवरून झिप उतरवली की तिचं नाव येतं 'बॉर्डर-मेन'. विंडोजने 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करताना त्याच नावाचं एक फोल्डर केलं, आणि झिपमध्ये त्याच नावाचं आणखी एक होतंच. म्हणजे तुमच्याकडे झालं 'बॉर्डर-मेन', त्याच्या आत 'बॉर्डर-मेन', त्याच्या आत फाइल. वरवर पाहिलं तर सगळं जागेवर. पण गिम्प आतवर शोधत जात नाही, आणि नावही जुळत नाही. आतलं फोल्डर बाहेर काढा, '-मेन' पुसा, गिम्प पुन्हा उघडा. मला विचारायला येणाऱ्या ३.० च्या तक्रारींतल्या पुष्कळ इथेच मिटतात.

५. पिढी जुळते का?

यावर थोडं थांबायला हवं. कारण सगळं बरोबर करूनही प्लग-इन दिसत नाही तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

गिम्प २.१० आलं एप्रिल २०१८ मध्ये, आणि ३.० आलं मार्च २०२५ मध्ये. मधली जवळपास सात वर्षं लोकांनी जे प्लग-इन लिहिले, जे व्हिडिओ केले, ज्या युक्त्या सांगितल्या, त्या सगळ्या २.१० साठी. आज शोधलं तरी वर तेच येतं. आणि ३.० ने आतली भाषा बदलली. पायथनचे प्लग-इन २.१० मध्ये पायथन २ वर चालायचे, ३.० मध्ये पायथन ३ लागतो. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० लाच संपला होता, त्यामुळे बदल टळणारा नव्हताच. पण त्याची किंमत जुन्या प्लग-इनवाल्यांनी मोजली.

फाइल बघून पिढी ओळखता येते. पीवाय फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'इम्पोर्ट' शब्द असलेल्या वरच्या ओळी वाचा. तिथे 'गिम्पफू' हा शब्द असेल तर प्लग-इन २.१० किंवा त्याआधीचं. ३.० मध्ये 'गिम्पफू' नाहीच, त्यामुळे पहिल्याच पावलाला ठेच. उलट 'रिक्वायर व्हर्जन' आणि त्यापुढे ३.० असं दिसलं तर ते नव्या पिढीचं, आणि २.१० मध्ये चालणार नाही. आणखी एक खूण: 'प्रिंट' या शब्दानंतर कंस नसेल तर पायथन २. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी एवढं वाचता येतं.

स्क्रिप्ट-फूचं दुखणं थोडं वेगळं. फाइल सापडते, नाव मेनूत येतं, आणि चालवल्यावर 'अनबाउंड व्हेरिएबल' म्हणून आपटते. या संदेशाचा अर्थ एवढाच की स्क्रिप्टने ज्या नावाने हाक मारली त्या नावाचं कुणी घरात नाही. संदेशात पुढे जे नाव येतं ते नीट वाचा, निदान तिथेच आहे. चित्राची रुंदी विचारणारी कमांड पूर्वी 'गिम्प-इमेज-विड्थ' होती, ३.० मध्ये मधे 'गेट' आला आणि ती 'गिम्प-इमेज-गेट-विड्थ' झाली. उंचीचंही तसंच. मूळ फाइलची प्रत काढून एवढे दोन-तीन शब्द बदलून चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट मी सुधारल्या आहेत. पण एक बदललं की दुसरा संदेश, दुसरं बदललं की तिसरा, असं सुरू झालं तर सोडून द्या. त्या स्क्रिप्टचं काम आता दुसरं एखादं अंगचं फिल्टर करतं का ते शोधणं स्वस्त पडतं.

फारच जुनी स्क्रिप्ट असेल, २००७ च्या २.४ आवृत्तीच्या आधीची, तर ती अशाच संदेशाने पण वेगळ्या कारणाने मरते. तेव्हा स्क्रिप्ट वाचणारं आतलं यंत्रच बदललं आणि प्रत्येक नाव वापरण्याआधी जाहीर करणं सक्तीचं झालं.

ईएक्सई स्वरूपातल्या प्लग-इनला आणखी एक अट: ३२ बिट की ६४ बिट. 'डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल) सापडत नाही' अशा अर्थाची चौकट आली तर प्लग-इन दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेलं आहे किंवा त्याच्यासोबतच्या फाइली तुम्ही मागे सोडल्यात. ती डीएलएल एखाद्या भलत्या साइटवरून आणून चिकटवू नका. एक तर त्याने गिम्प सुरूच होईनासं होतं, दुसरं म्हणजे अशा फाइलींबरोबर काय येईल याचा नेम नाही. प्लग-इनला तुमच्या खात्याचे सगळे अधिकार मिळतात. ते फोटोच नव्हे, तुमची कुठलीही फाइल वाचू शकतं. म्हणून फाइल लिहिणाऱ्याच्याच पानावरून घ्या.

६. लिनक्स आणि मॅकवाल्यांची अडचण

विंडोजवर असाल तर हे सोडा.

पीवाय फाइलला 'चालवता येईल' अशी परवानगी नसेल तर गिम्प तिला बघून न बघितल्यासारखं करतं. उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'परमिशन्स', आणि 'एक्झिक्यूट'वर खूण. एससीएमला याची गरज नाही. लिनक्सवर २.१० असेल आणि 'फिल्टर्स'मध्ये 'पायथन-फू' हा उपमेनूच नसेल तर तुमच्या लिनक्सच्या आवृत्तीने पायथन २ काढून टाकलेला असतो, आणि मग कुठलंच जुनं पायथन प्लग-इन चालणार नाही. मॅक उतरवलेल्या प्रोग्रॅमला आधी अडवतो; 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन परवानगी द्यावी लागते.

७. गिम्पची स्वतःची आठवण

इथपर्यंत सगळं जुळलं तरी नाव नाही? गिम्प प्रत्येक प्लग-इनची माहिती 'प्लगइनआरसी' नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे दर वेळी सगळ्यांना पुन्हा विचारायला नको. ही नोंद कधी शिळी होते. गिम्प बंद करा, वैयक्तिक फोल्डरमधली ही फाइल शोधा, तिचं नाव बदला (पुसू नका, नाव बदला), आणि गिम्प उघडा. पहिल्यांदा जरा वेळ लागेल, कारण ते प्रत्येकाला नव्याने 'तू कोण' विचारतं.

गिम्प सुरू होतानाच अडकत असेल तर उलट्या दिशेने जा. 'प्लग-इन्स' फोल्डरमधलं सगळं सामान बाहेर हलवा. आता सुरू झालं? मग अर्धं परत ठेवा. अडकलं तर गुन्हेगार त्या अर्ध्यात, नाही तर दुसऱ्या अर्ध्यात. बत्तीस प्लग-इन असले तरी पाच फेऱ्यांत एकावर येता. मात्र सुरुवातीची ओळ 'फॉन्ट्स' म्हणत असेल तर प्लग-इन निर्दोष आहे. नवीन स्थापनेनंतर फॉन्ट वाचायला वेळ लागतो, चहा घेऊन या.

चालताना 'प्लग-इन क्रॅश्ड' आलं तर घाबरू नका. प्लग-इन गिम्पच्या पोटात चालत नाही, शेजारी स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालतं, म्हणून ते मेलं तरी गिम्प बहुधा जिवंत राहतं. पण संदेशातच म्हटलेलं असतं की आतली अवस्था बिघडलेली असू शकते. काम एक्ससीएफमध्ये (गिम्पच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात) नव्या नावाने साठवा आणि गिम्प पुन्हा उघडा. त्याच गिम्पमध्ये पुढे रेटू नका. काय झालं ते वाचायचं असेल तर 'विंडोज', 'डॉकेबल डायलॉग्ज', 'एरर कन्सोल'.

मोठ्याच चित्रावर मरत असेल तर मेमरीचा हिशोब करा. ६००० गुणिले ४००० चा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. ३२ बिट फ्लोटमध्ये (प्रत्येक रंगासाठी ३२ बिट), पारदर्शकतेसह, एका लेअरला सुमारे ३८४ एमबी. पाच लेअर आणि मागे नेण्याचा इतिहास धरा, मग छोट्या लॅपटॉपचा श्वास का अडतो ते कळतं. तेच चित्र ८ बिटमध्ये एक चतुर्थांश जागा घेतं. 'इमेज' मेनूतून चित्र ८ बिट करून पुन्हा चालवून पाहा.

फाइलच्या वाटेत देवनागरी नावं असतील, तर एकदा फोटो साध्या रोमन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवूनही पाहा. गिम्पला स्वतःला अडचण नसते, पण जुन्या प्लग-इनांना अशी नावं पचत नाहीत.

आकार बदलताना

इथे बिघाड यंत्राचा नसतो, नावांच्या सारखेपणाचा असतो. गिम्पमध्ये आकाराशी संबंधित चार मुख्य कमांड आहेत आणि चारही वेगळं काम करतात. 'स्केल इमेज' पिक्सेलांची संख्या बदलतं. 'कॅनव्हास साइझ' फक्त कागद लहान-मोठा करतं, चित्र तसंच. 'स्केल लेअर' एकाच लेअरला आवळतं, म्हणून भोवती चौकटींची रिकामी जागा उरते. आणि 'प्रिंट साइझ' एकाही पिक्सेलला हात लावत नाही. ते फक्त छापताना इंचात किती पिक्सेल बसवायचे ते लिहून ठेवतं.

शेवटच्या कमांडने सगळ्यात जास्त लोकांना फसवलंय. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० पीपीआयला (इंचात ३०० पिक्सेल) ४ इंच छापला जातो, ७२ पीपीआयला साडेसोळा इंचांहून थोडा मोठा. 'रेझोल्यूशन ३०० केलं तरी धूसर' ही तक्रार इथली. आकडा बदलला, पिक्सेल तेवढेच राहिले. स्पष्टता त्या आकड्यात नाही. ४०० पिक्सेलचा फोटो १६०० केला तर तो सोळा पट पिक्सेलांचा होतो, म्हणजे सोळातले पंधरा गिम्पने अंदाजाने भरलेले. मूळ मोठी फाइल मागा, दुसरा उपाय नाही.

करवतीच्या कडा दिसल्या तर 'स्केल इमेज'च्या चौकटीत खाली 'इंटरपोलेशन' (नवे पिक्सेल कसे ठरवायचे ते) पाहा. तिथे 'नन' असेल तर 'क्यूबिक' करा. 'नोहॅलो' आणि 'लोहॅलो' हे पर्यायही त्याच फोटोवर करून बघा. 'क्यूबिक' असूनही कडा तशाच? मग चित्र पुन्हा इंडेक्स्ड मोडमध्ये आहे. असे लेअर नेहमी इंटरपोलेशनशिवायच बदलले जातात, तुम्ही काहीही निवडा. आरजीबी करा, आकार बदला, जिफ हवी असेल तर शेवटी परत इंडेक्स्ड. पिक्सेल-चित्रांसाठी मात्र 'नन'च बरोबर, तिथे मऊ कडा नकोच असतात.

माणसं चपटी झाली तर रुंदी-उंचीच्या मधली साखळी तुटलेली आहे. तिच्यावर क्लिक करून जोडा. आणि आकड्याशेजारचं एकक बघा. ८०० लिहिलं आणि एकक टक्के राहिलं, तर ३००० पिक्सेलचा फोटो २४,००० पिक्सेलचा व्हायला निघतो. गिम्प आधी विचारतं, पण सवयीने 'हो' दाबणारे आपणच.

एकदम अनेक फोटो लहान करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चपटेपणाचं कारण वेगळं. आडवे आणि उभे फोटो एकाच फोल्डरमध्ये आणि स्क्रिप्टला सांगितलंय १२०० गुणिले ८००. उभे फोटो चिरडणारच. 'लांब बाजू १२००' असा पर्याय निवडा. शिवाय कॅमेरा कधी फोटो आडवाच साठवतो आणि 'हा वळवून दाखवा' अशी चिठ्ठी एक्झिफ माहितीत (फोटोच्या फाइलमधल्या नोंदींत) ठेवतो. स्क्रिप्टने चिठ्ठी वाचली नाही तर फोटो आडवे पडतात. आधी चार फोटोंच्या चाचणी-फोल्डरवर चालवा: दोन उभे, दोन आडवे.

फाइल जड राहते ती पिक्सेल आणि केबी या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. अर्जाला ५० केबीची मर्यादा असेल तर आधी पिक्सेल कमी करा, मग जेपेग एक्सपोर्टच्या चौकटीत 'शो प्रीव्ह्यू इन इमेज विंडो'वर खूण करून गुणवत्तेची पट्टी सरकवा. फाइलचा आकार तिथल्या तिथे दिसतो. तिथेच एक्झिफ आणि लघुचित्राच्या खुणा काढा. मोठ्या फोटोत ते जाणवत नाही, पण इवल्याशा फोटोत तेवढंच बऱ्यापैकी वजन असतं.

कुठे थांबायचं

प्लग-इन फक्त सोर्स कोडमध्ये मिळत असेल आणि ते बांधायला कम्पायलर बसवायला सांगत असतील, आणि तुम्ही हे आधी कधी केलं नसेल, तर तिथे थांबा. जाणकार असेल तर त्याच्याकडे द्या, नसेल तर दुसरं प्लग-इन शोधा. कार्यालयाच्या संगणकावर परवानगी नाकारली जात असेल तर अँटिव्हायरस बंद करून बघण्याचा मोह आवरा आणि तिथल्या संगणक विभागाला कळवा.

प्लग-इन काढूनही गिम्प पडतं, ब्राउझरही पडतो, फाइली कधी उघडतात कधी नाही, असं असेल तर तो गिम्पचा विषय नाही. मेमरी किंवा डिस्क आजारी आहे; फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि हार्डवेअरवाल्याला बोलवा. छापखान्याला सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) नेमके रंग हवे असतील तर प्लग-इन शोधत बसू नका. गिम्पमध्ये संपादन आरजीबीमध्येच होतं, ३.० मध्येसुद्धा. रंगांचं काम छपाईपूर्व विभागाच्या माणसाला करू द्या.

माझ्यासारखेच तुम्ही मूळ फोटो घालवून बसला असाल तर त्या कार्डावर किंवा डिस्कवर त्या क्षणापासून एकही नवीन फाइल लिहू नका, वाचवणारं सॉफ्टवेअरसुद्धा तिथेच बसवू नका. जितकं लिहाल तितकं जुनं पुसलं जातं. कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो नुसते उडवले असतील तर ते परत मिळण्याची शक्यता बरी असते. त्याच नावाने वर दुसरी फाइल लिहिली गेली असेल तर फारच कमी, आणि ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

प्लग-इन लिहिणाऱ्याला विचारायचं ठरलं तर 'चालत नाही' एवढंच लिहू नका. 'हेल्प', 'अबाउट' मधला गिम्पचा पूर्ण आकडा, ऑपरेटिंग सिस्टीम, गिम्प कुठून बसवलं (इन्स्टॉलर, फ्लॅटपॅक, स्नॅप), फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते आणि एरर कन्सोलमधला मजकूर जसाच्या तसा पाठवा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो नको. मजकूर निवडून चिकटवा, म्हणजे त्याला त्यातला शब्द शोधता येतो.